बाभळीचं लाकूड पहिल्यांदा हाती घेताना: सोलापूरच्या नवख्या कारागिरांसाठी

सुतारकाम शिकायला कुणी नवं पोरगं माझ्या शेडमध्ये आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "काका, सागवान कुठं चांगलं मिळेल?" सागवान चांगलंच लाकूड आहे, त्यात वाद नाही. पण ते सोलापुरात बाहेरून येतं, महाग पडतं, आणि शिकण्याच्या पहिल्या महिन्यांत ते वाया घालवणं कुणालाच परवडत नाही. मी त्यांना शेडच्या मागं नेतो. तिथं सावलीत बाभळीच्या फळ्या रचलेल्या असतात. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे झाड काळ्या रानाच्या बांधावर, सीना-भीमेच्या काठानं, उजनीच्या कालव्यांच्या कडेनं आपोआप वाढतं. आणि आपण ते चुलीत घालतो.

आपल्या आजोबा-पणजोबांनी ते नुसतं चुलीत घातलं नाही. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, बैलांच्या मानेवरचं जू, कुळवाचं दिंड, नांगराचं रुमणं, तेलाच्या घाण्याचे भाग, हे सगळं बाभळीचं असायचं. जिथं मार बसतो, घासलं जातं, ओझं पडतं तिथं बाभूळ. माझे आबा बार्शीकडच्या एका गावात सुतार होते. त्यांच्या हाताखाली जे शिकलो आणि पुढं स्वतः लाकूड नासवून जे कळलं, ते इथं क्रमानं लिहितो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे: बाभूळ ओली असताना कापायची, सावलीत वाळवायची आणि कोरडी झाल्यावर पुरी करायची. बाभूळ वाईट म्हणणाऱ्या बहुतेकांचा हा क्रम कुठंतरी चुकलेला असतो.

झाड ओळखा

वखारीत "बाभूळ" म्हटलं की तीन-चार निरनिराळी लाकडं समोर येऊ शकतात, म्हणून सुरुवात झाडापासून करा.

खऱ्या बाभळीची साल काळपट, उभ्या चिरा पडलेली असते. काटे सरळ, पांढरट आणि जोडीनं येतात. पावसाळ्यात गोल, पिवळीधमक फुलं लागतात. सगळ्यात पक्की खूण म्हणजे शेंग: प्रत्येक बीनंतर आवळलेली, मण्यांची माळ ओवल्यासारखी. हिचं शास्त्रीय नाव बरीच वर्षं अकेशिया निलोटिका होतं, आता व्हॅचेलिया निलोटिका म्हणतात. जुन्या-नव्या माहितीत दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.

वेडी बाभूळ ही वेगळ्याच जातीची, अमेरिकेतून आणून लावलेली. तिची शेंग सरळ, पिवळसर आणि फूल लांबट, शेपटीसारखं. तिचं लाकूडही कठीण असतं, पण आपल्याकडे ती झुडपासारखी पसरते, सरळ जाड खोड क्वचितच मिळतं. सुबाभळीला काटेच नसतात आणि ती बरीच मऊ; ती कागदाच्या लगद्याला जाते. हिवराची साल फिकट आणि फुलं पिवळट-पांढरी.

सोलापुरात मराठीइतकंच कन्नड आणि तेलुगू कानावर पडतं, तेव्हा ही नावंही माहीत असू द्या. कन्नड माणूस खऱ्या बाभळीला करी जाली म्हणेल आणि वेडीला बळ्ळारी जाली. तेलुगू माणूस खरीला नल्ल तुम्म म्हणेल, वेडीला सर्कार तुम्म. नुसतं "जाली आहे", "तुम्म आहे" असं उत्तर मिळालं तर कोणती ते विचारा. या एका प्रश्नानं पुढचे सहा महिने वाचतात.

खऱ्या बाभळीतही प्रकार आहेत. रामकाठी उभ्या केरसुणीसारखी सरळ वर जाते, फांद्या खोडाला धरून असतात. सुतारकामाला धरायची ती पसरट डेऱ्याची तेलिया बाभूळ. चांगलं, जाड, भरीव खोड तिच्यातच मिळतं.

लाकडाचा स्वभाव

ताज्या कापलेल्या खोडाचं तोंड बघा. बाहेर पिवळट-पांढरी पट्टी, आत गुलाबी ते विटकरी रंगाचा गाभा. हवा लागली की गाभा गडद होत जातो आणि त्यात काळसर रेघा उठतात. हा गाभा टिकाऊ आहे, वाळवीला बराच काळ दाद देत नाही. बाहेरचा पांढरा भाग मात्र पिष्टानं भरलेला असतो आणि लाकूड पोखरणाऱ्या बारीक किड्यांना तोच हवा असतो. म्हणजे एकाच फळीत दोन लाकडं आहेत असं समजून चाला.

वजनाचा अंदाज असावा. नीट वाळलेल्या बाभळीचा एक घनफूट साधारण 22-23 किलो भरतो, सागवानाचा 18-19. ओल्या बाभळीचा याहून बराच जास्त, म्हणून ओंडका एकट्यानं उचलायला जाऊ नका. कठीणपणात आणि धक्का सोसण्यात ती सागाच्या पुढं आहे. पण वाळताना हलण्या-वळण्याच्या बाबतीत साग फार शहाणा, बाभूळ नाही. म्हणून दांडे, मोगऱ्या, लाटणी, पाट, बाकाचे पाय, हत्यारांच्या मुठी, खुंट्या यांना बाभूळ घ्या. कपाटाची दारं, रुंद पॅनेल, खिडक्यांच्या झडपा यांना घेऊ नका. या कामांत ती जड पडते, शिवाय वाकते.

तिची रेषा सरळ असेलच असं नाही. एका थरात तंतू डावीकडे कललेले, पुढच्या थरात उजवीकडे, असं विणल्यासारखं लाकूड पुष्कळदा मिळतं. या विणीमुळंच ती सहजी फाटत नाही आणि या विणीमुळंच रंध्याखाली उखडते. त्यावर काय करायचं ते पुढं येईल.

खरेदी आणि परवानगी

झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी आधी चौकशी. महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा नागरी क्षेत्रातला वृक्ष जतन कायदा लागू होतो. तिथं वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय फांदीलाही हात लावू नका. रस्त्याकडेची आणि कालव्याकाठची झाडं सरकारी असतात. खेड्यातून लाकूड गाडीत घालून आणण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून, लागेल तो कागद हातात घेऊनच निघा.

नवख्यानं उभं झाड तोडायच्या भानगडीत पडूच नये. बांध रुंद करताना, विहीर खणताना, रस्त्याच्या कामात झाडं निघतात आणि ती थेट जळणाच्या वखारीत जातात. वखारवाल्याला सांगून ठेवा: "मामा, सरळ बाभूळ आली की फोडायच्या आधी मला फोन करा." फुटलेल्या जळणाचे पैसे आणि अख्ख्या ओंडक्याचे पैसे यात थोडाच फरक पडतो.

गोल लाकूड वेढ्यावर मोजतात. मधोमध दोरी गुंडाळून वेढा घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. समजा वेढा 36 इंच आणि लांबी 8 फूट. चौथा भाग 9 इंच, वर्ग 81 चौरस इंच, त्याला 144 नं भागलं की 0.5625 चौरस फूट, गुणिले 8 म्हणजे साडेचार घनफूट. प्रत्यक्षात गोल ओंडक्यात याहून जास्त लाकूड असतं. साल आणि चिरताना जाणाऱ्या भागाची सूट या हिशेबात आधीच धरलेली आहे. हा हिशेब कागदावर करून वखारीत गेलात तर बोलणं सरळ होतं.

बघायचं काय? दोन्ही तोंडं. मध्यापासून बाहेर चांदणीसारख्या चिरा गेलेल्या असतील तर सोडा. सालीवरच्या चिरा खोडाभोवती दोरीसारख्या पिळत गेल्या असतील तर आतलं लाकूडही पिळलेलं आहे, दांड्याला ते नको. आणि गाभा पांढऱ्या भागाच्या मानानं केवढा आहे ते बघा. हाताच्या मनगटाएवढ्या फांदीत गाभा नावालाच असतो.

पायात जाड तळव्याचे बूट हवेत. बाभळीचा काटा चप्पल भेदून जातो आणि आत मोडतो. खोल रुतला तर घरगुती उपायावर राहू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

चिरणं: ओल्यातच

ओली बाभूळ करवतीला बऱ्यापैकी सोपी जाते. तीच वाळल्यावर करवतीचे दात खाते. म्हणून ओंडका आणल्यावर आठवड्याच्या आत चिरून घ्या. तोडीला सगळ्यात चांगला काळ म्हणजे डिसेंबर-जानेवारी, आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या आगेमागे. हवा थंड असते, लाकूड हळू वाळायला लागतं आणि किड्यांचा जोरही कमी असतो.

ओंडका हातात आल्या दिवशीच दोन्ही तोंडं बंद करा. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा तोंडातून कितीतरी वेगानं उडतं, तोंड आधी आकसतं, मधला भाग आकसायला तयार नसतो, आणि तिथं चीर पडते. उरलेला ऑइल पेंट, वितळवलेलं मेण, काहीही चालतं. आबा शेणमातीचा जाड लेप द्यायचे आणि दोन दिवसांनी तडकलेल्या जागी पुन्हा लिंपायचे.

सॉ मिलमध्ये कापणाऱ्याला दोन गोष्टी सांगा. एक, खोडाच्या ऐन मध्यावरचा ठिपका कुठल्याही फळीत ठेवायचा नाही. मध्यातून कापून तो बाजूला काढायचा. तो ज्या तुकड्यात राहतो तो तुकडा आज ना उद्या फुटतो. दुसरं, एक इंच हवं असेल तर सव्वा इंच काढायचं. वाळताना आकसतं, वाकतं, आणि ती वाकण रंध्यानं काढायला जागा लागते.

वाळवणं

इथं सगळं ठरतं, म्हणून इथं जरा थांबतो.

मी पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं बाभूळ घेतली ती एप्रिलमध्ये. दोन इंची सहा फळ्या. ऊन कडक, लवकर वाळतील म्हणून गच्चीवर उघड्या मांडल्या. पाचव्या दिवशी दुपारी जेवायला बसलो होतो, तर वरून फटाका फुटल्यासारखा आवाज. वर जाऊन बघतो तर एक फळी एका तोंडापासून दीड फूट उभी फाटलेली, आणि बाकीच्यांच्या अंगावर केसासारख्या चिरांचं जाळं. आबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाभळीला ऊन दाखवू नये रे. ती बाहेरनं वाळती अन् आतनं रडती."

तंतोतंत तेच होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो आणि दुपारच्या हवेत ओल नसतेच. फळीचा वरचा पापुद्रा कोरडा होऊन आकसतो, आतलं लाकूड अजून फुगलेलं असतं, आणि वरची कातडी फाटते. कोकणातल्या माणसाला लाकूड वाळत नाही ही काळजी असते, सोलापूरकराला ते फार झपाट्यानं वाळतं ही. त्यामुळं बाहेरची माहिती वाचून "हवेशीर जागी ठेवा" एवढ्यावर थांबू नका. आपल्याला वारा अडवावा लागतो.

तर रचना अशी करा. जमिनीपासून एक फूट उंच, सपाट ओटा किंवा विटांचे खांब. उत्तरेच्या भिंतीची सावली उत्तम. पहिली फळी, तिच्यावर दीड-दीड फुटावर एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या आडव्या, मग दुसरी फळी, पुन्हा पट्ट्या. सगळ्या पट्ट्या एकाखाली एक, ओळंब्यात आल्या पाहिजेत. इकडं-तिकडं झाल्या तर फळी त्या जागी लाटेसारखी वाकते. सगळ्यात वर दगड किंवा फरश्यांचं ओझं. मार्च ते मे या काळात बाजूंना गोणपाट लावा, म्हणजे झळ थेट लागत नाही. पावसाळ्यात गोणपाट काढा आणि वर पत्रा ठेवा.

वेळ किती? इंचाला एक वर्ष असं सुतार सांगत आलेत. आपल्या हवेत एक इंची फळी याहून लवकर तयार होते, पण कॅलेंडर बघून ठरवू नका, वजन करून ठरवा. फळीच्या टोकापासून फूटभर आतून एक पातळ काप घ्या आणि लगेच स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. मग तो ओव्हनमध्ये शंभर-एकशे तीन अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. समजा आधी 180 ग्रॅम होता आणि पूर्ण कोरडा 150 ग्रॅम. फरक 30. तीस भागिले दीडशे, म्हणजे 20 टक्के ओल. आपल्याला 8 ते 12 टक्के हवी. ओव्हन नसेल तर एक फळी खुणेची ठरवा, दर रविवारी तिचं वजन तिच्याच अंगावर पेन्सिलीनं लिहा. सलग तीन-चार रविवार आकडा हलला नाही की लाकूड आपल्या हवेशी जुळलं.

आबांच्या काळी याआधी आणखी एक पायरी होती: ओंडके चार-सहा आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचे. ओढ्याच्या डोहात, पडक्या विहिरीत. पाणी तांबडं-काळं व्हायचं, वासही सुटायचा. त्या पाण्यात लाकडातलं पिष्ट आणि इतर विरघळणारं बाहेर पडतं, किड्याला खायला उरत नाही, आणि नंतर लाकूड कमी फाटतं. आज हे करायचं तर पिण्याच्या किंवा जनावरांच्या पाण्यात अजिबात नको, वेगळी टाकी हवी. मी लहान तुकड्यांना प्लास्टिकच्या पिंपात ठेवतो.

पांढरा भाग ठेवायचाच असेल तर बोरॅक्सचं पाणी द्या: 5 लिटर गरम पाण्यात 150 ग्रॅम बोरॅक्स आणि 100 ग्रॅम बोरिक ॲसिड. लाकूड ओलं असतानाच बुडवा, म्हणजे औषध आत शिरतं. लाटणं, पोळपाट, चमचे यांना हे लावू नका. त्या वस्तू फक्त गाभ्यातूनच करा. वाळत ठेवलेल्या फळीखाली मैद्यासारखं बारीक पीठ दिसलं आणि टाचणीएवढी भोकं असली, तर कीड लागली. ती फळी त्याच दिवशी रचनेतून बाहेर काढा.

हत्यारांची तयारी

कोरड्या बाभळीवर बोथट हत्यार चालवणं म्हणजे लाकूड आणि खांदा दोन्ही खराब करणं. पटाशीची धार मऊ लाकडाला 25 अंशांवर लावत असाल तर बाभळीला 30 ते 35 करा. बारीक धार इथं तुटते. करवतीचं पातं मशीनवरचं असेल तर कार्बाइडच्या दातांचं घ्या.

रंध्याचं पातं अगदी कमी बाहेर काढा, कागदाएवढी साल निघेल इतकंच. तरी लाकूड उखडत असेल तर फळी उलटी फिरवून बघा. विणल्यासारखी रेषा असेल तर दोन्हीकडून उखडेल. मग रंधा बाजूला ठेवा आणि पोलादी पत्र्याचा स्क्रेपर घ्या. त्याच्या कडेला घासून बारीक आकडा उभा करायचा, पत्रा अंगठ्यांनी किंचित वाकवायचा आणि पुढं ढकलायचा. भुकटी निघाली तर आकडा बसलेला नाही. केसासारखे कुरळे निघाले तर बरोबर. बाभळीवर स्क्रेपर फिरला की जी चकाकी येते ती पॉलिश पेपरनं येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

मशीनवर घासताना नाका-तोंडाला मास्क लावाच. हा भुगा बारीक आणि तुरट असतो, घशात बसतो.

पहिली वस्तू: कुऱ्हाडीचा दांडा

नवख्यानं पहिलं काम दांड्याचं करावं. सांधा नाही, गोंद नाही, पॉलिश नाही. फक्त लाकूड आणि तुम्ही. आणि चूक झाली तर पहिल्याच घावात कळते.

दांड्याचं लाकूड करवतीनं कापू नका, पाचरीनं फोडा. करवत तंतू आडवे तोडत जाते आणि ते कुठं तुटले हे दिसत नाही. पाचर तंतूंच्या मधून वाट काढते, त्यामुळं फुटलेल्या तुकड्यात ते टोकापासून टोकापर्यंत सलग असतात. ओल्या ओंडक्याचा अडीच फुटाचा तुकडा घ्या, तोंडावर मध्यातून रेघ मारा, लोखंडी पाचर ठेवून घण घाला. पुन्हा अर्धे, पुन्हा पाव. फुटलेली बाजू पिळलेली दिसली तर तो तुकडा मोगरीला ठेवा आणि दुसरा घ्या.

आता वाकसानं, म्हणजे आडव्या पात्याच्या तासणीनं, ओबडधोबड आकार द्या, अजून ओल्यातच. साल काढा, पांढरा भाग उतरवा, गाभ्याची काठी राहू द्या. सगळीकडे तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवा. टोकांना मेण लावा आणि माळ्यावर, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, आडवा ठेवा. दोन-अडीच महिन्यांत वजन थांबेल.

कोरडा झाल्यावर तो दगडी उंबऱ्यावर उभा धरून एका वितीवरून सोडा. "टण्" असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. "थप्" आला तर आत चीर आहे किंवा अजून ओल आहे. आबा हीच परीक्षा घ्यायचे आणि कान तिरका करून ऐकायचे. दहा-बारा दांडे असे टाकून ऐकले की तुमचाही कान तयार होतो.

मग बसवणं. कुऱ्हाडीच्या भोकात आतून काजळी लावा, दांडा हातानं दाबून घाला, काढा. जिथं काळं लागलं तिथंच कानशीनं घासा. पुन्हा घाला. हे वीस वेळा करावं लागतं आणि वीस वेळाच करा. भोकाच्या पलीकडं पाऊण इंच दांडा निघाला की डोक्यात करवतीची खाच घेऊन कोरड्या बाभळीचीच पाचर ठोका.

आता महत्त्वाचं: दांडा कधी बसवायचा? पावसाळ्यात बसवलेला दांडा त्या वेळी घट्ट वाटतो, पण तो हवेतली ओल पिऊन फुगलेला असतो. मार्च उजाडला की आकसतो आणि कुऱ्हाड डुलायला लागते. म्हणून बसवायचं काम एप्रिल-मेमध्ये करा, दांडा सर्वांत कोरडा असताना. पुढं पाऊस आला की तो फुगतो आणि आपोआप घट्ट धरतो.

सैल कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवायची सवय खेडोपाडी आहे. ती मोडा. पाण्यानं लाकूड फुगतं, पण लोखंड त्याला जागा देत नाही, त्यामुळं भोकातले तंतू दाबून चेंगरतात. वाळल्यावर ते पहिल्या मापावर येत नाहीत, आणखी बारीक होतात. दर वेळी बुडवलं की दर वेळी जास्त सैल. निखळलेली कुऱ्हाड काम करणाऱ्याच्या शेजारी उभ्या माणसाला लागते, म्हणून हे इतक्या तपशिलानं सांगतोय. पाचर काढून नवी, जरा जाड ठोका. तोच खरा इलाज.

सांधे, स्क्रू आणि काळे डाग

दांड्यानंतर पाट किंवा छोटं बाक घ्या. कुसू (भोकात बसवायचं पुढं काढलेलं टोक) आणि भोकाचा सांधा बाभळीत फार छान बसतो, पण माप काटेकोर हवं. सागवानाचं कुसू जरा जाड झालं तर ते दबून जातं. बाभळीचं दबत नाही, भोकाची भिंतच फोडतं. हातानं दाबून जाईल आणि मोगरीच्या दोन हलक्या ठोक्यांत बसेल इतकंच ठेवा.

खिळा थेट ठोकू नका. एकतर वाकेल नाहीतर लाकूड फाटेल. आट्या सोडून स्क्रूच्या आतल्या दांडीएवढं भोक आधी पाडा, आट्यांना साबण किंवा मेण लावा. घाईनं पिळलात तर पितळी स्क्रूची मान तुटते आणि आत अडकलेला तुकडा काढताना दुप्पट वेळ जातो.

फळ्या जोडून रुंद पाट केलात तर खालच्या आडव्या पट्ट्यांना स्क्रूची भोकं लांबट ठेवा. पावसाळा आणि उन्हाळा यात फूटभर रुंदीच्या पाटाला तीन-चार मिलिमीटर हलायला जागा लागते. ती नाही दिली तर तो स्वतः करून घेतो, चीर पाडून.

बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. साल तर कातडी कमावायला पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. टॅनिन, लोखंड आणि पाणी एकत्र आले की निळा-काळा डाग पडतो. म्हणून ओल्या लाकडावर करवत किंवा पटाशी ठेवून घरी जाऊ नका. सकाळी हत्याराची काळी सावली उमटलेली असेल आणि हत्यारही गंजलेलं असेल. ताजा डाग लिंबानं चोळून बराच जातो. बाहेर ठेवायच्या वस्तूंना पितळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू वापरा.

हाच गुण मुद्दाम वापरताही येतो. साध्या व्हिनेगरमध्ये स्टील वूल आठवडाभर भिजत ठेवा, झाकण सैल असू द्या. ते पाणी गाळून बाभळीवर ब्रशनं लावा. काही मिनिटांत लाकूड तुमच्या डोळ्यांसमोर काळं होत जातं, आणि तो काळेपणा रंगासारखा वर बसलेला नसून लाकडातच उतरलेला असतो. शिकायला आलेल्या मुलांना मी हे दाखवतो तेव्हा ती जळणाच्या लाकडाकडं पहिल्यांदा नीट बघतात.

तेल

बाभळीला व्हार्निशचा थर देऊ नका, निदान हातात धरायच्या वस्तूला नको. घामानं तो सुटतो आणि हाताला फोड येतात. तेल द्या. दांड्यांना उकळलेलं जवसाचं तेल. लाटणं-पोळपाटाला मी करडईचं खायचं तेल वापरतो. आपल्या भागात ते घरोघरी असतं आणि जवसासारखंच हवेत हळूहळू घट्ट होतं, फक्त धीर जास्त लागतो. अगदी पातळ हात, अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं, आठवड्यानं पुन्हा. असे तीन-चार हात. जाड थर दिला तर चिकट राहतो आणि धूळ धरतो.

जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, गोळा केलेल्या फडक्यात ती कोंडते आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर हा धोका फारच खरा आहे. फडकी दोरीवर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. माझ्या शेडच्या दारात त्यासाठीच एक झाकणाचा डबा आहे, आणि संध्याकाळी कुलूप लावण्याआधी मी तो उघडून बघतो.